खाणीवरचं सरबत

म्हातारीने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, त्या सकाळी घरातली गोष्ट उघड्यावर आली.

म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण ते तिच्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकलं नसतं. सून तापाने आडवी पडली तेव्हा तिने चूल ताब्यात घेतली होती, आणि सून उठून हिंडूफिरू लागली तरी ती सोडायला तयार नव्हती. साखरेचा डबा आणि मिठाचा डबा एकाच दुकानातले, एकाच घडणीचे. तिचा स्वतःचा चहा डॉक्टरांच्या हुकमाने बिनसाखरेचा, त्यामुळे तिला काही कळायचा प्रश्नच नव्हता. मुलाने पहिला घोट घेतला, तसाच उठला आणि दारातून बाहेर थुंकला. वर्षानुवर्षं गालात तंबाखू धरून त्याची जीभ लाकडासारखी झाली होती, पण इतकं मीठ लाकडालाही कळलं असतं.

"काय झालं रे? माशी पडली?" म्हातारीने विचारलं.

तो सांगणारच होता, पण त्याची नजर बायकोकडे गेली. ती भिंतीला टेकून तोच चहा पीत होती. सावकाश, फुंकर घालत. कप रिकामा करून तिने तो बाजूला ठेवला, हाताने ओठ पुसले आणि सासूला म्हणाली, "बरा झालाय, आत्याबाई."

त्याला सगळे धोंडा म्हणत. आधी खाणीत दगड फोडायचा म्हणून आणि नंतर फारसा बोलत नाही म्हणून. "गोड झालाय?" एवढंच त्याने विचारलं.

"हो की."

"मीठ आहे त्यात."

तिने रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे न बघता सांगितलं, की ताप उतरला त्या दिवशीच तिला कळलं होतं. तोंडाला चव यावी म्हणून तिने लिंबाची फोड मागितली होती. ती चावली तर ओठ फाटला होता तिथे झोंबलं, बाकी काही नाही. गरम कळतं, गार कळतं, पुढे सगळं पाणी. दोन दिवसांत येईल, चार दिवसांत येईल म्हणून ती गप्प राहिली होती.

म्हातारीने आपले दोन्ही डबे जवळ ओढून घेतले. "येईल परत," ती म्हणाली. "तापात केस जातात ते येतातच ना? तशीच जीभ."

दुसरं घर असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. चव कळत नाही तर नाही, पुढ्यात पडेल ते मुकाट खाल्लं जाईल, उलट आमटीला नावं ठेवणारं एक तोंड कमी झालं. पण हे घर तिच्या जिभेवर जगत होतं.

खाणीच्या तोंडाशी वजनकाटा होता. दगडाने भरलेल्या गाड्या तिथे थांबत, वजन होई आणि पुढे जात. काट्याच्या बाजूला एक जुनं झाड आणि त्या झाडाखाली, घरापासून हाकेच्या अंतरावर, सरबताचा गाडा. धोंड्याच्या पावलावर दगड पडून तो कायमचा लंगडा झाला तेव्हा भरपाई म्हणून ही जागा मिळाली होती. गाडा त्याचा, पण हात बायकोचा. तिला सगळी खाण सरबतवाली म्हणून ओळखे. गाड्यावर येणारे-जाणारे पीत ते वरखर्चाचं. खरा आधार होता तो पिंपाचा. उन्हाळ्यात दुपारचा भोंगा व्हायच्या आत खाणीचा ट्रॅक्टर येई आणि सरबताने भरलेलं पिंप खाली माणसांसाठी घेऊन जाई. भट्टीसारख्या तापलेल्या त्या खड्ड्यात दगडाची भुकटी खाऊन घसा कोरडा पडलेली माणसं पेल्यावर पेले रिचवत. त्या पिंपावर घर वर्षभर उभं राहायचं.

आणि पिंपाचं सरबत म्हणजे काही साखर-लिंबू-पाणी नव्हतं. लिंबं कापायच्या आधी ती सालीवर साखर चोळायची, साखर पिवळी होऊन ओली व्हायची आणि वास हाताला चिकटायचा. मग पिळायचं, पण हलक्या हाताने. "शेवटचा थेंब लिंबाचा नसतो, सालीचा असतो," असं ती सांगे. तो थेंब फेकायचा. बी रसात राहू द्यायची नाही. मीठ चिमटीने, आणि दर चिमटीनंतर करंगळी बुडवून जिभेला लावायची. माप म्हणून काही नव्हतंच. पोत्यातली लिंबं रोज वेगळी असतात. हंगामाच्या सुरुवातीला पातळ सालीची, रसाने भरलेली येतात, ऊन वाढलं की दगडासारखी. त्यांना माप कसलं लावणार? करंगळी हेच माप होतं.

डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने टॉर्च लावून घशात पाहिलं, जिभेवर औषधाचे थेंब टाकले, ती शांत बसून राहिली. तापानंतर कधी कधी असं होतं, परत येते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा, कुणाची नाहीही, असं तो म्हणाला. औषध काय, तर वाट बघा. वाट बघायला डॉक्टर कशाला लागतो, असं म्हातारी घरी आल्यावर म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

वाट बघायची तरी पिंप थांबणार नव्हतं. मग घरातल्या बाकीच्या जिभा कामाला लावल्या. म्हातारी मोठ्या आनंदाने तयार झाली. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तिच्या ओठाला गोडाचा कण लागला नव्हता. ती भांड्यात चमचा बुडवी, डोळे मिटून चाखी आणि दर वेळी म्हणे, "अजून थोडी साखर." साखर घातली की पुन्हा चमचा, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने चमचा बुडवला तेव्हा सुनेने भांडं उचलून बाजूला ठेवलं.

राहिला धोंडा. त्या मिठाच्या चहाच्या दिवशीच त्याने तंबाखूची पिशवी नेऊन खाणीच्या कडेवरून खाली भिरकावली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. डोकं दुखे, गालात काहीतरी हवं म्हणून तो झाडाची काडी चावत बसे. पण जीभ काही सावकाराच्या दारातली वस्तू नव्हे, की गेलं आणि सोडवून आणली. सकाळी बायको वाटी पुढे करून विचारी, "कसं झालंय?" तो घोट घेई. काहीतरी ओलं, काहीतरी आंबट लागे. बायको त्याच्या तोंडाकडे बघत असे. तिचे डोळे तापाने खोल गेले होते आणि करंगळी अजून सवयीने ओली केलेली असे.

"बरोबर आहे," तो म्हणे.

पिळण्याचं काम आता त्याच्याकडे आलं होतं, कारण तिच्या मनगटात जोर राहिला नव्हता. दगड फोडलेला हात तो. लिंबाची फोड मुठीत घेतली की साल पार उलटी होईपर्यंत सोडत नसे. तळव्यांच्या भेगांत रस झोंबायचा, तरी दात-ओठ खाऊन तो पिळायचा. घरावर संकट आलंय, तर एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. ती चुलीवर साखरेचा पाक बघत असायची, तिचं त्याच्या मुठीकडे लक्ष नसे. एरवी करंगळीने तिला लगेच सांगितलं असतं.

पहिले काही दिवस पिंप रिकामं आलं. मग एके दुपारी ट्रॅक्टरवाल्याने ते खाली उतरवायला हात लावला आणि धोंड्याकडे बघून म्हणाला, जरा धर. रिकामं पिंप एकट्याने उतरतं. धोंड्याने धरलं तेव्हा आतून डचमळण्याचा आवाज आला.

"आज ऊन कमी होतं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. वर झाडाचं पान हलत नव्हतं आणि काट्याची लोखंडी फळी हात लावू देत नव्हती. मग त्यालाच आपली लाज वाटली असावी. तो हळूच म्हणाला, "कडू लागतं म्हणतात. औषधासारखं. मला काय, मी पितो."

बायको गाड्यापाशी पेले विसळत होती. धोंड्याने पिंप कमरेवर घेतलं, लंगडत काट्याच्या खोलीमागे नेलं आणि तिथल्या चरात ओतून दिलं. सकाळभर पिळलेलं सगळं जमिनीने एका दमात पिऊन टाकलं. परत आला तेव्हा तिने विचारलं, "संपलं?"

"संपलं."

"पुरलं का सगळ्यांना?"

"पुरलं."

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावं लागतं, त्यात विशेष काही नाही. पिंप भरलेलं जाई आणि भरलेलं येई. तो खोलीमागे जाई, ओती, येऊन संपलं म्हणे. त्याला वाटे, आज ना उद्या तिची जीभ येईल आणि सगळं आपोआप ठीक होईल. तोवर तिच्या मनाला का म्हणून घोर लावायचा? तापातून उठलेली बाई, आधीच अर्धी झालेली. यात त्याचं प्रेमच होतं. बायकोवर प्रेम करायची त्याला एवढी एकच रीत माहीत होती, की वजन आपण उचलायचं आणि बोलायचं नाही.

पण तीही काही डोळे मिटून बसलेली नव्हती. गाड्यावर येणारे ओळखीचे लोक अर्धा पेला पिऊन घड्याळ बघत. एक गाडीवाला तर पेला तसाच ठेवून, उशीर झाला म्हणत पळाला आणि पुढच्या वळणावर हापशावर पाणी पिताना दिसला. तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्याला घाई असते. तिने सासूला विचारलं. म्हातारी म्हणाली, साखर कमी पडते.

मुंग्या तिने पाहिल्या त्या एका सकाळी. गाड्याखाली फडकं मारताना तिला लाल मुंग्यांची जाड रांग दिसली. सरबताचा धंदा, मुंग्या नव्या नव्हत्या. पण या मुंग्या सांडलेल्या थेंबाकडे वळतही नव्हत्या. गाड्याच्या चाकावरून उतरून सरळ काट्याच्या खोलीकडे चालल्या होत्या, बाजाराला निघाल्यासारख्या. ती रांगेच्या बाजूने चालत गेली. खोलीमागे चरातली माती काळी, ओली, चिकट होती आणि तिच्यावर मुंग्यांचा नुसता थर होता. जिभेबरोबर वासही गेला होता, पण मातीत लिंबाच्या रसाचे धागे वाळून पडले होते ते दिसत होते. ती किती वेळ तिथे उकिडवी बसली होती कोण जाणे. धोंडा शोधत आला तेव्हा तिने मान वर केली नाही.

"मुंग्या तरी पितायत," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने मुकादमाला गाठलं. मुकादम भला माणूस. तिला वहिनी म्हणायचा, आणि इतके दिवस रोज एक पेला तळापर्यंत पिऊन तो उपडा ठेवून जायचा. तिने त्याच्यापुढे पेला ठेवला नाही. हात जोडले नाहीत, रडलीही नाही. खरं काय ते सांगा, एवढंच म्हणाली. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली, आत बघितली आणि पुन्हा घातली.

"लोक पीत नाहीत, वहिनी. आठवडा झाला. कुणी तुम्हाला बोललं नाही, कारण तुम्ही आजारी होतात. मालकांनी पुड्यांचं सरबत बनवणाऱ्याला बोलावलंय. येत्या सोमवारी एकदा तुमचं पाठवा. माणसं प्यायली तर मी मालकांना सांगतो. नाही प्यायली तर माझ्या हातात काही राहत नाही."

घरी आल्यावर ती नवऱ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीपुढे बसली आणि त्याला तेवढंच विचारलं, की मला सांगितलं का नाही.

"तुला वाईट वाटलं असतं."

"कडू, एवढं एक म्हणाला असतात," ती म्हणाली. "कडू म्हणजे साल जास्त पिळली. उग्र म्हणजे बी राहिलं. घशाला ओढ बसली तर पाणी कमी. मला सगळं कळतं हो अजून. फक्त जीभ नाही. ती तुम्ही व्हायचं होतं."

त्याने आपल्या मुठीकडे पाहिलं. शेवटचा थेंब त्याला आत्ता आठवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं असेल, आणि नेमकं ऐकलं नव्हतं. सांगावंसं वाटलं, की तंबाखू सोडली आहे, प्रयत्न चालू आहे, पण ती उठून बाहेर गेली होती.

सोमवारच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने कांदा फोडला. पहिला घास घेतला आणि थांबला. कांदा तिखट लागला, मग चावता चावता गोड लागला. त्याने पुन्हा चावून पाहिलं. गोडच. म्हातारी विचारू लागली, कांदा नासका आहे का, डोळ्यांत पाणी कशाने. कांद्यानेच, तो म्हणाला.

सोमवारी उजाडताच तिघंही कामाला लागली. लिंबं म्हातारीने धुतली. सालीला साखर बायकोने चोळली. धोंड्याने फोड हातात घेतली आणि पाखरू धरावं तशी धरली, दाबली, आणि शेवटचा थेंब यायच्या आत सोडून दिली. ती बाजूला बसून प्रत्येक फोडीकडे बघत होती. बी गाळलं, पाक ओतला, माठातलं गार पाणी घातलं, मीठ चिमटीने टाकलं, करंगळी सवयीने बुडवली आणि जिभेपर्यंत न नेता पुसली. मग वाटी भरून त्याच्यापुढे केली.

त्याने घोट घेतला. आंबट आधी आलं, त्याच्या मागोमाग गोड, आणि अगदी शेवटी मीठ, दारात चप्पल काढून आत आल्यासारखं. त्याला एकदम खाणीतला तो उन्हाळा आठवला. पाय शाबूत होता, तंबाखू लागायची होती, आणि लग्न होऊन नुकतीच आलेली ही बाई डोक्यावर कळशी घेऊन पायवाटेने खड्ड्यात उतरली होती. तेच सरबत हे. तसंच्या तसं. त्याला हे सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि नेहमीचंच बाहेर पडलं.

"बरोबर आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "परवाही बरोबरच होतं," ती म्हणाली.

"आज खरंच आहे."

तिने वाटी सासूपुढे नेली. म्हातारीने डोळे मिटून चाखलं. "अजून थोडी साखर," ती म्हणाली. दोघांनाही तिचा राग आला नाही. मग सुनेने बोट बुडवून एक थेंब उंबऱ्याच्या दगडावर टाकला आणि वाकून बघत बसली. एक मुंगी आली, मग दुसरी. पण मुंग्या चरातल्या कडवटावरही आल्या होत्या, त्यांच्या येण्याला काय अर्थ? तिने थेंब हाताने पुसून टाकला.

बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. पिंप भरून झालं होतं. धोंडा म्हणाला, "तंबाखू सोडलीय मी. आता कळतं मला."

"कधी सोडली?"

"त्या मिठाच्या चहाच्या दिवशी."

"म्हणजे तेव्हापासून तुम्हाला कडू कळत होतं," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही गप्प राहिलात."

तसं नव्हतं. जीभ काल आली होती, कांद्याबरोबर. पण हे सांगायला जितकी वाक्यं लागली असती तितकी त्याला एका दमात कधी बोलता आली नव्हती, आणि ट्रॅक्टरवाला दारात हॉर्न देत होता. ती पिंपाशी गेली. आज ऊन फार आहे, ती स्वतःशीच बोलत होती, घाम जाईल, मीठ कमी असणार, बरोबर म्हणतात म्हणजे कमीच असणार. तिने मिठाचा डबा उघडला. तो नको म्हणत पुढे झाला, पण लंगडा पाय चौकटीला अडला. चिमूट नाही, मूठ आत गेली. मग तिने पळी फिरवली आणि आणखी अर्धी मूठ टाकली.

ट्रॅक्टरवाल्याने झाकण लावून पिंप चढवलं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा धोंड्याने रस्त्यावर येऊन एकदा जोरात हाक मारली. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं, हसला आणि हात हलवला. पिंप नीट बांधलंय, असं त्याने ओरडून सांगितलं आणि धुरळ्यात उतारावरून खाली गेला.

तो घरात आला. पळीच्या खोलगट भागात चार थेंब राहिले होते. त्याने ते जिभेवर घेतले. जीभ आता चांगलीच परत आली होती. तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्याने दात दाबून धरले.

ती दारात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे जरा सैल झाले होते. आपल्या मनाने काहीतरी केलं, याचं बळ तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आता कसं झालंय?" तिने विचारलं. "खरं सांगा."

खालून खाणीतले घणाचे आवाज येत होते. पिंप आता पोचलं असेल, माणसं पेले घेऊन उभी राहिली असतील.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तिने मान हलवली, आणि भोंगा व्हायच्या आत गाड्यावरचे पेले धुवायला घेतले.